किडनीत सुरू होणारा लिम्फोमा: गाठ किडनीत, डॉक्टर मात्र रक्ताचे

किडनीत गाठ दिसली की पुढचा रस्ता बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. सोनोग्राफी, मग सीटी, मग युरोसर्जन आणि मग तारीख बघून ऑपरेशन. आणि बहुतेक पेशंटसाठी हा रस्ता बरोबरच असतो, कारण मोठ्या माणसांच्या किडनीतली घट्ट गाठ बऱ्याचदा रीनल सेल कार्सिनोमा म्हणजे किडनीचा नेहमीचा कॅन्सर निघते आणि त्याला कापून काढणं हाच मुख्य इलाज असतो. घोळ होतो तो क्वचित निघणाऱ्या एका आजारात, जो दिसतो किडनीच्या कॅन्सरसारखा पण असतो रक्तातल्या पेशींचा. नाव प्रायमरी रीनल लिम्फोमा. ह्यात नुसती किडनी काढून आजार जात नाही, इलाज असतो औषधांचा, आणि वेळेत ओळखला तर बऱ्याचदा किडनीही शाबूत राहते. म्हणजे चाकू लागायच्या आधी नाव कळणं ह्या आजारात फार महत्त्वाचं, आणि हे नाव फक्त बायॉप्सीतून कळतं.

आधी लिम्फोमा म्हणजे काय ते बघू. आपल्या पांढऱ्या पेशींमधला एक प्रकार म्हणजे लिम्फोसाइट, त्यात बी आणि टी असे दोन मोठे गट. त्यातली एखादी पेशी बिघडून बेसुमार वाढायला लागली की लिम्फोमा. नेहमी तो मानेत, काखेत, जांघेत गाठी येऊन कळतो, पण लिम्फोसाइट अंगभर फिरत असतात म्हणून तो जठरात, थायरॉइडमध्ये, वृषणात, अगदी मेंदूतही सुरू होऊ शकतो. अशा लिम्फ नोडबाहेर, म्हणजे मान-काखेतल्या त्या ग्रंथींबाहेर, सुरू होणाऱ्या लिम्फोमांमध्ये किडनीवाल्याचा वाटा १ टक्क्याहूनही कमी आहे.

आणि ह्यात एक मजेशीर भानगड आहे. किडनीच्या आतल्या मूळ भागात लिम्फचं टिश्यू जवळजवळ नसतंच, मग तिथे लिम्फोमा सुरू कसा होईल? ह्यावर डॉक्टरांमध्ये वर्षानुवर्षं वाद चाललाय, काही जण तर असा वेगळा आजार आहे हेच मानायला तयार नव्हते. एक मत असं की किडनीच्या आवरणात आणि आसपासच्या चरबीत लिम्फच्या वाहिन्या भरपूर असतात, तिथे सुरू होऊन तो आत घुसतो. दुसरं मत असं की किडनीत बरेच दिवस सूज किंवा इन्फेक्शन राहिलं की लिम्फोसाइट तिथे जमा होतात आणि त्यातलीच एखादी बिघडते. दोन्ही पटण्यासारखी आहेत, पूर्ण सिद्ध एकही नाही.

उलटा प्रकार मात्र अगदी नेहमीचा. लिम्फोमा दुसरीकडे सुरू होतो आणि नंतर किडनीत पोचतो. लिम्फोमाने गेलेल्या पेशंटच्या शवविच्छेदनांमध्ये साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत लोकांच्या किडनीत तो सापडलेला आहे. म्हणून 'प्रायमरी' हा शिक्का लगेच मारता येत नाही. किडनीत लिम्फोमा सिद्ध झालेला पाहिजे, लघवीची वाट अडल्यामुळे किडनी फुगलेली नाही हे बघितलेलं पाहिजे आणि बाकी अंगात, म्हणजे लिम्फ नोड, लिव्हर, प्लीहा, बोन मॅरो वगैरेंत, निदानाच्या वेळी कुठेच आजार नको. ह्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या की मगच प्रायमरी म्हणायचं.

आता लक्षणं. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. समजा, सोलापूरकडचे ५८ वर्षांचे एक काका आहेत. दोन महिने एका कुशीत जड जड दुखतंय, संध्याकाळी बारीक ताप येतो, भूक गेली, पँट सैल झाली. पहिल्यांदा मुतखडा समजून गोळ्या झाल्या. मग लघवीत पस सेल आले म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स झाला. कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, ताप तर जाईना, मग कुणाला तरी टीबीची शंका आली. आपल्याकडे ही शंका येणं चुकीचं अजिबात नाही, किडनीचा टीबी खरंच असाच येतो, ताप, वजन घटणं, लघवीत पस आणि कल्चर निगेटिव्ह. त्रास तेव्हा होतो जेव्हा टीबीचा जंतू कुठेच सापडलेला नसतो, लघवीची जीन एक्स्पर्ट, म्हणजे टीबीचा जंतू शोधणारी टेस्टसुद्धा केलेली नसते, आणि नुसत्या अंदाजावर एकेटी म्हणजे टीबीची औषधं सुरू होतात आणि 'बघू दोन महिने' म्हणत पेशंटला घरी पाठवलं जातं. झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोमात दोन महिने फार असतात. काकांच्या लघवीतून रक्त जाऊ शकतं, बीपी वाढू शकतं, काही जणांना तर काहीच होत नाही, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसते.

दोन्ही किडन्या धरल्या गेल्या तर चित्र अजून वेगळं. पायावर सूज, उलट्या, लघवी कमी, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा आकडा, थेट ५-६ वर. लिम्फोमाच्या पेशी किडनीतल्या नळ्यांच्या मधल्या जागेत कोंबल्या जातात, नळ्या आणि बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि गाळण्याचं काम थंडावतं. इथे सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात असेल तर एक आकडा नक्की बघा, किडनीची लांबी. मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटीमीटर असते. जुन्या किडनी फेल्युअरमध्ये ती बहुधा आक्रसते, ८ वर वगैरे येते. डायबिटीसमध्ये किंवा पॉलिसिस्टिकमध्ये तसं होत नाही, ते अपवाद सोडा. पण क्रिएटिनिन चढलेलं, लघवीची वाट मोकळी, आणि किडन्या मात्र १४-१५ सेंटीमीटरच्या फुगलेल्या असतील, तर आत काहीतरी भरलंय हे उघड आहे आणि लिम्फोमाचं नाव यादीत आलंच पाहिजे.

सीटीवर हा आजार वेगवेगळ्या रूपांत दिसतो. दोन्हीकडे बऱ्याच गाठी, किंवा एकच मोठी गाठ, किंवा गाठ अशी नाहीच नुसती किडनी फुगलेली, किंवा किडनीभोवती सालीसारखा थर. किडनीचा नेहमीचा कॅन्सर, म्हणजे त्याचा क्लिअर सेल प्रकार, रक्ताने भरलेला असतो, कॉन्ट्रास्ट म्हणजे सीटीच्या वेळी शिरेतून द्यायचं औषध दिलं की भडक उजळतो, मध्ये मध्ये सडलेला, कुठे रक्त साठलेला, एकूण ओबडधोबड. लिम्फोमा त्यामानाने सपाट, एकसारखा दिसतो आणि कॉन्ट्रास्ट कमी घेतो. अजून एक फरक म्हणजे नेहमीचा कॅन्सर किडनीच्या शिरेत शिरून वर मोठ्या शिरेपर्यंत जाऊ शकतो, लिम्फोमा मात्र रक्तवाहिन्यांना बाहेरून वेढा घालतो पण सहसा त्यांच्या आत घुसत नाही. चांगला रेडिओलॉजिस्ट एवढ्यावरून 'लिम्फोमाची शक्यता' असं लिहितो. पण शक्यताच, कारण पॅपिलरी नावाचा किडनीचा कॅन्सरसुद्धा कॉन्ट्रास्ट कमीच घेतो. आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर कॉन्ट्रास्ट द्यायलाच डॉक्टर कचरतात, मग फोटो अर्धवट राहतो.

म्हणजे शेवटी गाडी बायॉप्सीवरच येते. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त भीती हिचीच. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' हे वाक्य दर दुसऱ्या घरात ऐकायला मिळतं. किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, पण आता सुई एका बाहेरच्या नळीतून आत जाते त्यामुळे हे फारच क्वचित होतं. आणि लिम्फोमाचा इलाज तसाही सगळ्या अंगात जाणारा आहे, त्यामुळे ही भीती इथे लागूच पडत नाही. हां, सर्जन प्रत्येक किडनीच्या गाठीची बायॉप्सी करत नाहीत हेही खरं, आणि सीटीवर नेहमीचा कॅन्सर स्पष्ट दिसत असेल तर सरळ ऑपरेशन करण्यात काही गैर नाही. पण दोन्ही किडन्यांत गाठी, किंवा फुगलेल्या किडन्या आणि चढलेलं क्रिएटिनिन, किंवा ताप आणि वजन घटणं आणि रक्तात एलडीएच (पेशी भराभर मरत-वाढत असल्या की वाढणारं एक एन्झाइम) खूप वाढलेलं, असं काही असेल तर 'डॉक्टर, आधी बायॉप्सी करायची का?' एवढं विचारायला लाजू नका. चांगला सर्जन ह्यावर चिडत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. रक्त पातळ करायच्या गोळ्या, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी बंद. बीपी आटोक्यात हवं, रक्त गोठण्याची टेस्ट आणि प्लेटलेट बघतात. पेशंटला पालथं झोपवतात, पाठीवरचा भाग बधिर करतात, सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत सुई आत नेतात. 'श्वास रोखा' म्हणतात आणि स्टेपलरसारखा टक् असा आवाज येतो, दुखण्यापेक्षा त्या आवाजानेच माणूस दचकतो. असे तीन-चार शेवयांसारखे बारीक तुकडे निघतात. मग काही तास आडवं पडून राहायचं आणि प्रत्येक वेळची लघवी नर्सला दाखवायची, कारण खरा धोका रक्तस्रावाचा असतो. थोडी गुलाबी लघवी चालते, रक्ताच्या गाठी पडायला लागल्या तर लगेच सांगायचं.

नुसती एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून घेणं, इथे पुरत नाही. लिम्फोमाचा प्रकार ठरवायला अख्खा तुकडा लागतो. आणि अजून एक, बायॉप्सीच्या आधी स्टेरॉइड सुरू झालेलं नको. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने भराभर मरतात, पेशंटला बरं वाटतं, ताप जातो, क्रिएटिनिनसुद्धा उतरतं, आणि तुकड्यात मात्र नुसत्या मेलेल्या पेशी सापडतात, नाव काही कळत नाही. जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, पण 'बघू जरा प्रेडनिसोलोन देऊन' हे इथे महागात पडतं.

पहिला रिपोर्ट बऱ्याचदा अर्धाच असतो. 'राउंड सेल ट्यूमर, आयएचसी अ‍ॅडव्हाइज्ड' असं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि घरचे म्हणतात अरे म्हणजे झालंय काय? आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. त्याच तुकड्याच्या पातळ चकत्यांवर वेगवेगळी अँटिबॉडी टाकतात, ती जिथे चिकटते तिथे तपकिरी रंग येतो. सीडी २०, सीडी ३ वगैरे ही पेशींवरच्या खुणांची, म्हणजे मार्करची नावं. सीडी २० तपकिरी आलं तर बी पेशींचा लिम्फोमा, सीडी ३ आलं तर टी पेशींचा. केआय ६७ चा टक्का जेवढा जास्त तेवढा आजार वेगाने वाढणारा. सायटोकेराटिन निगेटिव्ह आलं की नेहमीचा कॅन्सर बाजूला पडतो. इथे एक फसवी जागा आहे जी पॅथॉलॉजीवाल्यांना चांगली ठाऊक असते. पॅक्स ८ हे किडनीच्या कॅन्सरचं मार्कर समजलं जातं, पण त्याची काही अँटिबॉडी बी लिम्फोसाइटलाही चिकटतात, कारण त्यांच्यातलं पॅक्स ५ दिसायला जवळपास तसंच असतं. म्हणजे एकट्या पॅक्स ८ वर भरोसा ठेवला तर लिम्फोमाला किडनीचा कॅन्सर म्हटलं जाऊ शकतं. म्हणून मार्करचा पूर्ण संच करायचा, ज्यादा पैसे लागतात पण इथे काटकसर नको. शंका असेल तर स्लाइड आणि ब्लॉक घेऊन मोठ्या सेंटरला पुन्हा बघून घ्यायचं. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, पुढच्या टेस्ट त्याच्यातूनच होतात, तो लॅबकडून मागून घेता येतो.

सगळ्यात जास्त निघतो तो प्रकार डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. ह्याच्या तुकड्यावर फिश नावाची टेस्टही करतात, मिक आणि बीसीएल २ ही दोन्ही जीन्स एकदम उलटसुलट झालेली असतील तर आजार जास्त कडक आणि औषधंही जास्त कडक. त्याखेरीज हळू वाढणारे मार्जिनल झोनसारखे प्रकार निघतात, त्यात सौम्य औषधांवर भागतं. लहान मुलांच्या दोन्ही किडन्या पटकन फुगल्या तर बर्किट लिम्फोमाचा विचार आधी करतात, तो दिवसागणिक वाढतो, तिथे सोमवारपर्यंत थांबू असं चालत नाही. आणि किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या नव्या किडनीत असं काही आलं तर तो निराळाच विषय, तिथे बऱ्याचदा इबीव्ही व्हायरस मुळाशी असतो आणि पहिलं पाऊल म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं.

नाव कळलं की फाइल युरोसर्जनकडून हिमॅटॉलॉजिस्ट किंवा मेडिकल ऑन्कोलॉजिस्टकडे जाते. मग पेट-सीटी होतं, म्हणजे आजार अंगात कुठे कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन. ह्यातलं ग्लुकोजसारखं औषध लघवीतूनच बाहेर पडतं त्यामुळे किडनी तशीही चमकते, वाचणाऱ्याला अनुभव लागतो. बोन मॅरो बघतात, एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या टेस्ट, हृदयाची टूडी इको. हिपॅटायटिस बी ची टेस्ट कुणीही टाळू नये, एचबीएसएजी आणि अँटी एचबीसी ह्या तिच्या दोन्ही रक्ततपासण्या, कारण पुढे दिलं जाणारं रिटक्सिमॅब लिव्हरमध्ये झोपलेला व्हायरस जागा करू शकतं. व्हायरस सापडला तरी इलाज थांबत नाही, सोबत एक गोळी सुरू करतात एवढंच.

मुख्य इलाज आर-चॉप. रिटक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, विनक्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. दर २१ दिवसांनी एक सायकल, बहुतेक वेळा ६ सायकली. चॉप हे १९७० च्या दशकापासून आहे, खरा फरक पडला तो रिटक्सिमॅबमुळे, अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. ते थेट सीडी २० ला जाऊन चिकटतं. २००७ मध्ये डॉ. रेड्डीजने त्याचं भारतीय रूप रेडिटक्स आणलं आणि नंतर बऱ्याच कंपन्या उतरल्या, त्यामुळे आज हे औषध आपल्याकडे पुष्कळ लोकांच्या आवाक्यात आलंय. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाचे एकूण सगळे पेशंट धरले तर साधारण ६० टक्के ह्या इलाजाने बरे होतात. किडनीवाल्यांचे आकडे छोट्या छोट्या नोंदींमधून येतात त्यामुळे तेवढी खात्रीची टक्केवारी सांगता येत नाही, पण रिटक्सिमॅब आल्यापासून चित्र सुधारलंय.

क्रिएटिनिन वाढलेलं असताना केमो कशी देणार, हा प्रश्न घरचे हमखास विचारतात. देतात. रिटक्सिमॅबला किडनीची गरज नसते, डॉक्सोरुबिसिन आणि विनक्रिस्टिन मुख्यतः लिव्हरमार्गे बाहेर पडतात, सायक्लोफॉस्फामाइडचा डोस लागला तर कमी करतात. गरज पडली तर डायलिसिस चालू ठेवून पहिली सायकल होते. आणि किडनी बिघडली ती लिम्फोमामुळेच असेल तर पेशी मरायला लागल्या की क्रिएटिनिन पहिल्या एक-दोन आठवड्यांतच खाली यायला लागतं, ते निदान बरोबर असल्याचंही लक्षण मानतात.

पहिल्या सायकलचे पहिले दिवस मात्र नाजूक. एकदम इतक्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक अ‍ॅसिड रक्तात येतं, ह्याला ट्यूमर लायसिस म्हणतात, आणि ते सगळं बाहेर टाकायचं काम आधीच दमलेल्या किडनीवर पडतं. म्हणून अ‍ॅडमिट ठेवून सलाईन, युरिक अ‍ॅसिड आटोक्यात ठेवणारी अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी, दिवसातून दोन-तीनदा रक्ततपासणी, आणि जोखीम जास्त असेल तर युरिक अ‍ॅसिड उतरवणारं रॅसब्युरिकेजचं इंजेक्शन, त्याच्या आधी जीसिक्सपीडी ह्या एन्झाइमची टेस्ट. काही डॉक्टर आधी थोडे दिवस नुसतं स्टेरॉइड देऊन गाठ हळूहळू उतरवतात. आता ते चालतं, कारण बायॉप्सी झालेली असते.

एक छोटी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. डॉक्सोरुबिसिन लालभडक रंगाचं असतं आणि ते दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लाल-केशरी होते. लघवीतून रक्त जातं म्हणून दवाखान्यात आलेल्या माणसाला हे दिसलं की त्याची काय अवस्था होत असेल! आधीच सांगून ठेवा. केस जाणं, तोंड येणं, विनक्रिस्टिनने बोटांना मुंग्या आणि बद्धकोष्ठ, पांढऱ्या पेशींचा काउंट पडणं हे ठरलेलं. काउंट पडलेला असताना ताप आला तर घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

आता जरा अवघड भाग. किडनीत असलेला लिम्फोमा पुढे मेंदूत जाण्याची शक्यता इतर लिम्फोमांपेक्षा जास्त असते. का ते नीट कळलेलं नाही, पण ही जोखीम मोजायला सीएनएस-आयपीआय नावाचे जे ६ गुण आहेत त्यात किडनी किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीत आजार असणं हा एक स्वतंत्र गुणच आहे. बाकीचे पाच म्हणजे ६० च्या वर वय, वाढलेलं एलडीएच, खालावलेली तब्येत, पुढची स्टेज आणि लिम्फ नोडबाहेरच्या एकाहून जास्त जागा. चार किंवा जास्त गुण झाले तर दोन वर्षांत मेंदूत आजार येण्याची शक्यता साधारण १० टक्के. मग मेंदूसाठी आधीच काही द्यायचं का? पूर्वी सर्रास मेथोट्रेक्सेट द्यायचे, पाठीच्या मणक्यातून किंवा शिरेतून मोठ्या डोसमध्ये. आता मोठ्या अभ्यासांमधून दिसतंय की फायदा वाटत होता तेवढा नाही. वर अडचण अशी की मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट बाहेर पडतं ते किडनीतूनच, म्हणजे ज्यांना त्याची गरज त्यांनाच ते देणं जोखमीचं. त्यामुळे दोन डॉक्टर ह्यावर दोन मतं देतील, त्यात कुणी फसवत नाहीये, विज्ञानच अजून तिथे अडलंय.

किडनी आधीच काढून झाली असेल आणि मग रिपोर्टमध्ये लिम्फोमा आला तर? जगभरात ह्या आजाराच्या बऱ्याच केसेस अशाच कळलेल्या आहेत, त्यासाठी स्वतःला किंवा सर्जनला दोष देत बसण्यात अर्थ नाही. पण 'गाठ निघाली, सुटलो' असं समजून केमो टाळू नका. लिम्फोमाच्या पेशी फिरत्या असतात, झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारात औषधं लागतातच.

मधल्या सायकलींनंतर आणि शेवटी पुन्हा पेट-सीटी होतं, रिपोर्टमध्ये डोव्हिल स्कोअर असतो १ ते ५, त्यात १-२-३ म्हणजे साधारण चांगलं. आजार परतलाच तर दुसऱ्या औषधांची केमो, स्वतःच्याच स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट, आणि आता कार-टी. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार १९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, परतलेल्या बी-सेल लिम्फोमासाठीही. पेशंटच्याच टी पेशी काढून लॅबमध्ये त्यांना सीडी १९ ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायचं. परदेशी कार-टीपेक्षा बरंच स्वस्त, तरी लाखांच्या घरातच.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते, पण कोणतं औषध पॅकेजमध्ये आणि कोणतं बाहेरून आणायचं हे पहिल्या सायकलच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, बसवून विचारून घ्या. पेशंट तरुण असेल तर वीर्य किंवा बीजांड साठवण्याचा विषयही तेव्हाच काढायचा, केमो सुरू झाल्यावर उशीर होतो. इलाज संपल्यावर पहिली दोन वर्षं तपासण्या जवळजवळ असतात, कारण झपाट्याने वाढणारा लिम्फोमा परतायचा तर बहुतेक ह्याच काळात परततो. क्रिएटिनिन नॉर्मलला आलं असलं तरी ह्यापुढे कुठल्याही दुखण्यावर मेडिकलमधून परस्पर पेनकिलर घ्यायची नाही, आधी विचारायचं. आणि बायॉप्सीचा ब्लॉक लॅबमध्ये असेल तर तो कुठे ठेवलाय, किती वर्षं ठेवतात, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.